साखर, कॉफी, बेसन की लिंबू? घरचा स्क्रब नक्की कशाचा करायचा

पानगळ

मंडळी, जरा मदत हवीये. माझ्या त्वचेत सगळेच प्रकार एकत्र नांदतात, नाक आणि कपाळ तेलकट, गाल कोरडे ठाक, आणि दंडांच्या मागच्या बाजूला बारीक बारीक दाणे आहेत जे खाजत नाहीत दुखत नाहीत पण हात फिरवला की किसणीसारखे लागतात. कोपर आणि घोट्यांबद्दल तर विचारूच नका. विकतचा स्क्रब आणणार होते पण मागची बारीक अक्षरं वाचायला घेतली आणि अर्धे शब्द उच्चारताच येईनात, म्हणून म्हटलं स्वयंपाकघरात जे आहे त्यातूनच काहीतरी करू.

आता घरात साखर आहे, मीठ, कॉफी, ओट्स, तांदळाचं पीठ, बेसन, दही, मध, लिंबू, हळद, खायचा सोडा सगळंच आहे, आणि तिथेच घोळ झालाय. व्हिडिओ बघून डोकं फिरलं. एक बाई म्हणते साखरेत लिंबू पिळून चेहऱ्याला चोळा, दुसरी म्हणते साखर चेहऱ्याला लावाल तर खबरदार, तिसरी खायच्या सोड्याने नाक घासतेय आणि ब्लॅकहेड्स गेले गेले म्हणून नाचतेय. माझी वहिनी सोडावाल्या पार्टीतली आहे आणि तिचा चेहरा मस्त आहे, त्यामुळे तिच्याशी वादही घालता येत नाही.

तर मला एवढंच सांगा की चेहऱ्याला आणि अंगाला एकच स्क्रब चालतो का, किती वेळा करायचं, आणि एकदाच बरणीभर करून फ्रीजमध्ये ठेवला तर टिकतो का. रोज रोज कालवत बसायला वेळ नाही हो.

खडीसाखर

नावाप्रमाणे मी साखरेच्या बाजूने 😀 पण मानेखालीच. हे आधी सांगते कारण बाकी सगळं यावरच आहे.

दोन वाट्या साखर असेल तर एक वाटी तेल, एवढंच प्रमाण, घट्ट ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे, तेल वर तरंगत असेल तर अजून साखर टाक. कुठलंही साधं खायचं तेल चालतं. पाणी घालायचं नाही, कारण साखर पाण्यात किती विरघळते याचा आपल्याला अंदाज नसतो, १०० मिली पाण्यात साधारण २०० ग्रॅम साखर जिरते, म्हणजे पाण्यात कालवलेला स्क्रब अंगाला लागेपर्यंत पाक झालेला असतो. तेलात साखर विरघळत नाही म्हणून दाणा शिल्लक राहतो.

आणि मला साखर आवडते ती यासाठीच. आंघोळीच्या शेवटी, अंग ओलं असताना, कोपरावर चिमूटभर घेऊन गोल गोल फिरवायचं. सुरुवातीला दाणे टोचतात, मग अंगावरच्या पाण्याने त्यांच्या कडा विरघळायला लागतात, बोटाखाली ते बारीक बारीक होत जातात आणि शेवटी नुसतं तेल राहतं. म्हणजे आपण थांबायचं विसरलो तरी साखर थांबते. कॉफी, अक्रोडाच्या टरफलाची पूड, बियांचा चुरा यातलं काहीही असं विरघळत नाही, ते तुम्ही घासाल तितका वेळ घासतच राहतं. (विकतच्या स्क्रबमध्ये पूर्वी प्लास्टिकचे मणी असायचे ते तर नदीनाल्यातून समुद्रात जायचे, अमेरिकेत २०१५ साली त्यावर बंदीचा कायदा झाला, नंतर इतरही देशांनी केला. तेव्हापासून कंपन्याही मीठ, साखर, बियांच्या पूडकडे वळल्यात.)

मोठ्या दाण्याची साखर असेल तर मिक्सरला एकच झटका दे, पिठीसाखर नको करूस. मीठही याच पद्धतीने चालतं पण मीठ पाण्यात तेवढं जिरत नाही आणि कुठे बारीक ओरखडा असेल तर असं झोंबतं की विचारू नकोस. वॅक्सिंग किंवा शेव्हिंग केलं त्या दिवशी मीठ काय नि साखर काय, दोन्ही नको.

तेलाने फरशी निसरडी होते. हे गमतीने सांगत नाहीये, आंघोळ झाल्यावर साबणाने फरशी धुवून मगच बाहेर ये, घरात म्हातारं माणूस असेल तर नक्कीच.

लिंबूटिंबू

एवढी काय चर्चा, साखर + लिंबू + मध हे जगातलं बेस्ट कॉम्बिनेशन आहे. लिंबात व्हिटॅमिन सी असतं, त्याने ग्लो येतो, टॅन जातो. नॅचरल आहे, साईड इफेक्ट शून्य. केमिकलवाल्या क्रीमपेक्षा कधीही चांगलं. लावून दहा मिनिटं उन्हात बसलं तर अजून छान वाळतं.

कडूगोळी

लिंबूटिंबू, राग मानू नका पण तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी जेवता जेवता फोन हातात घेतला. लिंबू लावून उन्हात बसायचं नाही. कधीच नाही. मी औषधांच्या दुकानात काउंटरच्या आतल्या बाजूला असते आणि हातावर पाणी ओघळल्यासारखे तपकिरी पट्टे घेऊन येणारी माणसं बघितली आहेत, त्यांना वाटत असतं काहीतरी चावलं.

होतं असं की लिंबाच्या जातीच्या फळांत, सालीत जास्त, फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागलं की उन्हातल्या यूव्हीए किरणांनी ती चेकाळतात आणि त्वचेच्या पेशी भाजतात. लगेच काही दिसत नाही, म्हणून तर लोकांना संशय येत नाही. एक दोन दिवसांनी लाल होतं, जळजळतं, कधी पाण्याने भरलेले फोड येतात, आणि ते बसले की मागे काळे डाग राहतात ते काही आठवडे, कधी काही महिने. ही अ‍ॅलर्जी नाही बरं का, म्हणजे "मला लिंबाची अ‍ॅलर्जी नाहीये" म्हणून सुटका नाही, रस पुरेसा आणि ऊन पुरेसं असलं की कुणालाही होऊ शकतं. टॅन घालवायला निघालेला माणूस डाग घेऊन परत येतो.

दुसरं म्हणजे आम्लता. आपल्या त्वचेचा वरचा थर मुळातच किंचित आंबट असतो, पीएच (आंबटपणा मोजायची पट्टी, आकडा जितका लहान तितकं जास्त आम्ल) साधारण ४.५ ते ५.५. लिंबाचा रस २ ते २.५ च्या आसपास. आकड्यांतला फरक तीनाचा दिसतो पण पीएचची पट्टी दर आकड्याला दहापटीने चालते, म्हणजे लिंबू त्वचेपेक्षा जवळपास हजारपट आम्ल. विकतच्या फळांच्या आम्लांच्या लोशनसाठी तज्ज्ञांनी ठरवलेली मर्यादा आहे, आम्ल १० टक्क्यांपर्यंत आणि पीएच ३.५ च्या खाली नाही. लिंबावर असं काही लिहिलेलं नसतं, आज पिळलं ते आणि उद्या पिळलं ते सारखं नसतं, आणि साखरेने आधी सोलवटलेल्या कातडीवर ते गेलं की मग बघायलाच नको. आणि व्हिटॅमिन सीचं म्हणाल तर त्वचेसाठीची सीरम बनवताना ते टिकावं आणि आत शिरावं म्हणून बरीच खटपट करावी लागते, अर्धं लिंबू पिळून ते साधत नाही.

आता पानगळ, तुझ्या वहिनीचा सोडा. तो बरोबर उलट्या टोकाला. पाण्यात कालवला की पीएच ८ च्या वर जातो. त्वचेचा आंबटपणा आहे तो तिथल्या तेलांचा थर धरून ठेवायला आणि नको ते जंतू लांब ठेवायला मदत करतो, तो सोड्याने मोडतो. एकदा केलं तर त्वचा स्वतःला सावरते, पण नेमाने केलं की कोरडी पडते, ताणल्यासारखी होते, चुरचुरते. वहिनीची त्वचा चांगली असेल तर ती सोड्यामुळे नाही, सोडा सोसून चांगली आहे 😄 (हे तिला सांगू नकोस.)

पानगळ

बापरे. लिंबू कॅन्सल. कडूगोळी ताई, मग चेहऱ्याला काय? आणि ते साखरेत ग्लायकोलिक अ‍ॅसिड असतं म्हणून साखर चोळली की ते आपोआप मिळतं असं एका व्हिडिओत होतं, ते खरं का?

कडूगोळी

नाही गं. ग्लायकोलिक आम्ल, म्हणजे मेलेली त्वचा सुटायला लोशनमध्ये घालतात ते, उसाच्या रसात थोडंफार असतं म्हणून ते नातं जोडलं गेलं, पण डब्यातली साखर म्हणजे स्वच्छ केलेलं सुक्रोज, त्यात आम्ल उरलेलं नसतं आणि चोळल्याने तयारही होत नाही. साखर फक्त घासते. घासणं हेही काम आहेच, फक्त ते तेवढंच आहे.

चेहऱ्याचं सांगते, जरा लांब होईल.

आपण ज्याला डेड स्किन म्हणतो तो कचरा नाहीये. मेलेल्या चपट्या पेशींचे पंधरा वीस थर एकावर एक रचलेले असतात, मध्ये तेलाचं लिंपण, आणि हाच तो थर जो आतलं पाणी आत आणि बाहेरचं बाहेर ठेवतो. चेहऱ्यावर, हातावर त्याची जाडी १० ते २० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग धर फार तर. साखरेचा दाणा अर्धा मिलिमीटर. दाण्यापुढे तो थर किती आहे ते तूच बघ. तळपायाला हाच थर कितीतरी पट जाड असतो म्हणून टाचेला काहीही घासलं तरी खपतं आणि गालाला खपत नाही. एकच स्क्रब दोन्हीकडे का नको याचं उत्तर हेच.

आणि तो थर स्वतःचा स्वतः गळत असतो. खालून नवी पेशी निघून वर येऊन गळून पडायला तरुणपणी साधारण चार आठवडे लागतात, वय वाढेल तसा वेळ वाढतो. आपण स्क्रब करतो म्हणजे जे सुटायलाच आलंय त्याला थोडी घाई करतो. न सुटलेलं ओरबाडलं की लाली, चुरचुर, आणि सावळ्या गव्हाळ त्वचेला तर त्याचे काळे डाग उरतात. म्हणून स्क्रब झाल्यावर त्वचा लाल दिसली तर ती "रक्ताभिसरण वाढलं" म्हणून खूश व्हायची गोष्ट नाही, जोर जास्त झाला एवढाच अर्थ.

चेहऱ्याला घरातलंच हवं असेल तर ओट्स. मिक्सरला अगदी पिठासारखे करायचे, कोमट पाण्यात पाच मिनिटं भिजवायचे, ते बुळबुळीत होतात आणि बोटाला टोचेनासे होतात, मग हलक्या हाताने अर्धा मिनिट फिरवून धुवायचे. बारीक दळलेल्या ओट्सला अमेरिकेच्या एफडीएने (तिथलं औषधांवर देखरेख करणारं सरकारी खातं) २००३ मध्ये त्वचेचं रक्षण करणारा घटक म्हणून मान्यता दिलीये. दहीही चालेल. त्यात लॅक्टिक आम्ल असतं, तेच जे लोशनमध्ये ५ ते १० टक्के घालतात, दह्यात मात्र एक टक्क्याच्या आसपास. म्हणजे दह्याने चमत्कार होणार नाही, थोडं मऊ वाटेल, दहा मिनिटांनी धुवून टाक. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, आणि चेहऱ्याला त्याहून जास्त काहीच नको.

मुरुमं लाल आणि दुखरी असतील तर मात्र ओट्ससुद्धा घासायचे नाहीत. आणि मुरुमांसाठी किंवा सुरकुत्यांसाठी रेटिनॉल, अ‍ॅडापालीन, ट्रेटिनॉइन यातलं काही लावत असशील तर घासाघाशी बंदच, ती औषधं आधीच तो थर पातळ आणि नाजूक करून ठेवतात.

माजघर

मुलींनो, बेसनाचं नाव कुणी घेतच नाहीये म्हणून लिहितेय. आम्ही बेसनच वापरत आलो, कधी त्रास झाला नाही. मात्र एक आहे, आजकाल बघते तर बेसन दाट लिंपतात, पूर्ण वाळू देतात, चेहरा लाकडासारखा आवळतो आणि मग ते सुक्यासुक्याच खरवडून काढतात. असं करायचं नसतं गं. ओलसर असतानाच, हाताला पाणी लावून, सोडवून घ्यायचं. वाळलेलं बेसन निघताना कातडीची सालं आणि लव दोन्ही ओढतं, डोळ्यांत पाणी येतं.

पीठही जाडंभरडं नको. कपड्यातून चाळून घ्या, वर जो रवा उरतो तो कोपर गुडघ्यांना, खाली पडलं ते चेहऱ्याला. तांदळाच्या पिठालाही हेच, ते हाताला मऊ लागतं पण त्यातली कणी फार टोकदार असते, भिजवल्याशिवाय चेहऱ्याला लावू नये. कोरडी त्वचा असेल त्यांनी बेसन पाण्यात न कालवता दुधात किंवा सायीत कालवावं, नुसतं बेसन तेल फार ओढून घेतं. हळद चिमूटभरच, आणि टॉवेल जुना घ्या.

खुंटदाढी

पुरुषांना प्रवेश आहे ना इथे? दाढी केल्यावर गळ्याला केस आतल्या आत वळतात आणि लाल पुटकुळ्या येतात, मित्र म्हणतो कॉफीने घास. घासू का?

खडीसाखर

@खुंटदाढी पुटकुळ्या लाल असताना कशानेच घासू नकोस, कॉफी तर अजिबातच नको, त्यात तू ती न विरघळणारी पूड सुजलेल्या जागेवर फिरवणार. दोन तीन दिवस दाढीच टाळ, खाली बसू दे. नंतर दाढी करायच्या आधी (नंतर नाही) कोमट पाण्याने भिजवून मऊ कपड्याने गोल गोल फिरवलं तरी वळलेले केस सुटतात. आणि केसांच्या दिशेने ब्लेड चालव, कातडी ताणून उलटं ओढलं की केस कातडीच्या खाली कापला जातो आणि तिथूनच आत वळतो.

उलटतपासणी

सगळं वाचलं. एक मुद्दा कुणी मांडला नाही, तो म्हणजे "खायचं आहे म्हणजे लावायलाही सुरक्षित" हे गृहीतक. पोट आणि कातडी यांचं काम वेगळं आहे. आपण खातो ते पोट पचवतं आणि शरीर त्याला आपलं मानायला शिकतं, पण तीच गोष्ट फाटक्या सोलवटलेल्या त्वचेतून आत गेली तर शरीर तिला शत्रू समजण्याची शक्यता असते. जपानमध्ये एक चेहऱ्याचा साबण होता, त्यात गव्हाचं प्रथिन तोडून घातलेलं, लोक रोज त्याने तोंड धुवायचे. त्यातल्या दोन हजारांहून जास्त लोकांना गव्हाची अ‍ॅलर्जी झाली, म्हणजे आधी बिनधास्त गहू खाणारी माणसं गहू खाल्ल्यावर सुजायला लागली, काहींना श्वास घेता येईना. २०११ मध्ये तो साबण बाजारातून परत मागवला. आता ते प्रथिन खास प्रक्रिया केलेलं होतं, बेसनाने असंच होईल असं मी म्हणत नाहीये, माजघर आज्जी रागावू नका. पण एक्झिमा असेल, त्वचा भेगाळलेली असेल, घरात कुणाला दाण्याची, दुधाची, गव्हाची अ‍ॅलर्जी असेल तर ते पदार्थ कातडीवर रगडू नयेत, लहान मुलांच्या तर मुळीच नाही.

पपईचंही असंच. पिकलेल्या पपईत पपेन हे एन्झाइम फार कमी असतं, ते खरं असतं कच्च्या पपईच्या चिकात, आणि तो चीक प्रथिनं पचवतो म्हणजे जिवंत कातडीही त्याला प्रथिनच. जखमा साफ करायला पपेनची मलमं असायची, अमेरिकेत तीव्र अ‍ॅलर्जीच्या तक्रारींमुळे २००८ मध्ये मान्यता नसलेली अशी मलमं बंद करायला लावली. रबराच्या हातमोज्यांची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी पपईपासून लांबच राहावं, दोन्हींतली प्रथिनं एकमेकांसारखी असतात.

नवीन काहीही असो, आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून धुवायचं आणि दोन दिवस बघायचं.

माजघर

रागावले नाही हो, पटलं. नातवाला एक्झिमा आहे, त्याला मी डॉक्टरांनी दिलेलंच लावते.

लिंबूटिंबू

ठीक आहे, उन्हाचं मागे घेतो. पण रात्री लावून धुतलं तर? एवढी वर्षं लोक लावतायत ना.

कडूगोळी

रात्री लावून नीट साबणाने धुतलं तर उन्हाचा धोका बराच कमी होतो, पण आम्लाचा तसाच राहतो, आणि बोटांच्या बेचक्यात, नखांखाली रस उरला तर सकाळच्या उन्हात तिथेही डाग पडतात. एवढं करून मिळतं काय? आंबट आम्लाने डाग फिका करायचा असेल तर १० टक्क्यांच्या आतलं लॅक्टिक किंवा ग्लायकोलिकचं लोशन आहे, त्यावर टक्केवारी छापलेली असते आणि सनस्क्रीन लावा असंही. अशी आम्लं लावत असताना आणि बंद केल्यावरही आठवडाभर त्वचा उन्हाला जास्त हळवी असते, हे लोशनला लागू आहे तसं लिंबालाही. लिंबू सरबतात घाला.

पानगळ

वा, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांना थँक्यू. काल रात्री साखर तेल करून बघितलं, कोपर एका फटक्यात मऊ झालेत, टाचांना फार फरक नाही. दंडाचे दाणे मात्र जसेच्या तसे, उलट जरा लाल झालेत. जोरात घासायला हवं होतं का? आणि नाकावरचे ब्लॅकहेड्स राहिलेच, आणि बरणीचं कुणी बोललंच नाही.

कडूगोळी

जोरात नको, अजिबात नको. तू जे वर्णन केलंस, दंडाच्या मागे, खाजत नाही दुखत नाही, त्यावरून ते केराटोसिस पिलारिस वाटतंय, बघितल्याशिवाय खात्रीने सांगत नाही पण फार जणांना असतं. प्रत्येक केसाच्या भोकात केराटिनचं (त्वचेतलंच एक टणक प्रथिन) छोटं बूच बसतं, तो दाणा म्हणजे ते बूच. वरून घासलं की बुचाचं टोक उडतं, बूच तिथेच, आणि आजूबाजूची कातडी चिडून लाल होते, तुझ्या बाबतीत तेच झालंय. त्याला घासण्यापेक्षा भिजवून विरघळवणारं हवं. युरिया १० ते २० टक्के असलेलं क्रीम किंवा लॅक्टिक आम्लाचं लोशन, आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच, रोज. काही आठवडे लागतात आणि थांबवलं की परत येतात, पण वय वाढलं की बऱ्याच जणांचे आपोआप कमी होतात. स्वयंपाकघरात याला काही नाही, उगाच शोधू नकोस.

ब्लॅकहेड्सचा काळा रंग म्हणजे मळ नसतो. तेल आणि मेलेल्या पेशींनी छिद्र भरतं, वरचं तोंड उघडं असतं, तिथे हवा लागून ते काळं पडतं. सोड्याने घासलं की वरचं काळं टोक जातं, दोन दिवस नाक स्वच्छ दिसतं, खालचं तसंच आणि मग पुन्हा काळं. वहिनीचा नाच त्या दोन दिवसांचा. सॅलिसिलिक आम्ल तेलात मिसळतं म्हणून छिद्रात उतरतं, २ टक्क्यांपर्यंतचं मिळतं, तेही एक दिवसाआड सुरू कर. आणि तुझ्या नाकावर जे बारीक करडे ठिपके असतील, सगळ्यांना असतात, ते दाबून काढले तरी महिनाभरात भरतात, ते नाकाचं रोजचं कामकाज आहे, त्यांच्या मागे लागू नकोस. नाकाला खोबरेल तेलवाला स्क्रब लावू नकोस, ते छिद्रं बुजवतं.

खडीसाखर

बरणीचं मी सांगते. नुसती साखर आणि तेल असेल तर झाकणाच्या बरणीत बाहेर ठेवलं तरी काही आठवडे राहतं, फ्रीज नको, तेल थिजून दगड होतो. पण ओली बोटं आत घालायची नाहीत, कोरड्या चमच्याने वाटीत काढून घ्यायचं आणि बरणी बाथरूमच्या बाहेर. साखर मुरंब्याला टिकवते ती भरपूर असते म्हणून, रोज थेंब थेंब पाणी गेलं की कडेने पाक सुटतो आणि त्यावर बुरशी येते. वास खवट आला की टाकून दे.

दही, दूध, मध पाणी, फळाचा गर, भिजवलेले ओट्स, कालवलेलं बेसन यातलं काहीही ठेवायचं नाही. फ्रीजमध्येसुद्धा नाही, विकतच्याला टिकवणारं काहीतरी घातलेलं असतं, तेच ते न वाचता येणारे शब्द, आपल्यात ते नाही. वेळ नाही म्हणतेस तर कोरडं पीठ दळून डब्यात भरून ठेव, लागेल तसं चमचाभर वाटीत घेऊन भिजव.

टाचांना साखर पुरत नाही, कारण वर कडूगोळीने सांगितलंच. पाय कोमट पाण्यात दहा मिनिटं, मग घासायचा दगड, मग जाड क्रीम आणि मोजे.

खुंटदाढी

कपड्याचं करून बघितलं, फरक आहे. आता कॉफीचा डबा उघडून ठेवलाय त्याचं काय करू, पाठीला तरी चालेल का? आणि कॉफीने पोटावरची चरबी, सेल्युलाइट वगैरे जातं म्हणतात ते?

खडीसाखर

पाठीला चालेल, मुरुमं नसतील तर. बारीक दळलेली घे, गाळून उरलेला चोथा असेल तर तो त्याच दिवसाचा, ओला चोथा ठेवला की बुरसतो. चरबी बिरबी काही जात नाही, कॅफिनने कातडी थोडा वेळ ताठ दिसते, काही तासांत पूर्ववत. आणि आंघोळीच्या आधी मोरीच्या जाळीवर जुनं फडकं टाक, कॉफी विरघळत नाही, तेलाबरोबर पाइपात जाऊन बसली तर प्लंबरच बोलवावा लागतो.